परक्या हाताची बॅच

कारेलीबाग, बडोदे
५ जानेवारी २००९

लता,

आधी वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं. ते खोडलं आणि नवा कागद घेतला. बारा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. आईच्या तेराव्याला तू आलीस तेव्हा आपण एकाच पंगतीत बसलो आणि एकमेकांकडे मीठसुद्धा मागितलं नाही. अशा भावाचे आशीर्वाद बघून तू पत्र तिथेच मिटशील, म्हणून नुसतं लता.

धुळ्याचा पत्ता आपल्या कंपनीतल्या जयवंतरावांनी दिला. तू कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतेस आणि पोरं तुला टरकून असतात, असंही म्हणाले. तेवढं तरी माझ्याकडून उचललंस म्हणायचं.

आता कामाचं. सात फेब्रुवारीला कंपनी माझा सत्कार करते आहे, अलकापुरीतल्या हॉटेलात. पत्रिका गुजरातीत छापली आहे. त्यात माझ्या नावापुढे जे लिहिलंय त्याचा अर्थ, 'घन आम्ल उत्प्रेरकाच्या प्रक्रियेचे जनक'. ती हातात आल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. ती प्रक्रिया तुझी आहे, हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे.

म्हणून पहिल्यांदा हे लिहितो. १९९६ साली तू काढलेले आकडे खरे होते.

तुला सगळं पाठ असणार. तरी मला एकदा क्रमाने लिहू दे. आजवर मी या विषयावर एकदाच लिहिलं आणि ते तुझ्याविरुद्ध लिहिलं.

साबणवाले आणि अगरबत्तीवाले नेतात तो गोड वासाचा कीटोन आपण बनवायचो. बडीशेपेच्या वासाचं अॅनिसोल आणि डोळे झोंबवणारं अॅसिटिक अनहायड्राइड, या दोघांचं लग्न लावायला अॅल्युमिनियम क्लोराइड लागायचं. हा भटजी वऱ्हाडापेक्षा जास्त खायचा. शेवटी पाणी ओतून त्याला संपवायचं, की टाकीभर आंबट पाणी उरायचं. तो प्लँट मी १९७९ साली उभा केला होता. त्यापायी माझे हात भाजले, दोनदा नाकातून रक्त आलं. कंपनीत सगळे त्याला 'हेरंबभाईचा प्लँट' म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं.

मग तू ती पांढरी पावडर आणलीस. झिओलाइट. कणाकणाला डोळ्यांना न दिसणारी भोकं आणि त्या भोकांच्या आत आम्ल. पावडर विरघळत नाही, सांडपाण्यात जात नाही. गाळून घ्यायची, भट्टीत भाजून आतली घाण जाळायची आणि पुन्हा वापरायची. तू शंभरात शहात्तर रूपांतर दाखवलंस, आणि तेही एकाच पावडरीवर सहा वेळा.

प्रयोगशाळेत नियम माझाच होता. नव्या प्रक्रियेची एक बॅच परक्या हाताने व्हायची. ज्याने काम केलं त्याने घरी बसायचं आणि दुसऱ्याने फक्त त्याची वही समोर ठेवून ते करून दाखवायचं. तुझ्या वेळी तो परका हात मी झालो. बहिणीचं काम तपासायला दुसऱ्याला दिलं असतं तर साहेबाला खूश करायला त्याने आकडे गोड केले, असं लोक म्हणाले असते.

मला मिळालं चौदा. पुन्हा केलं, तेरा. तिसऱ्यांदा चौदा.

कारण आज सांगतो. शनिवारी दुपारी मी पावडर भट्टीतून काढली, बशीत ओतली, वर कागद झाकला आणि मांडवीला मूर्ती आणायला गेलो. सोमवारी गणपती बसले, मंगळवारी विसर्जन झालं. बुधवारी कामावर गेलो आणि तीच पावडर वापरली. सप्टेंबरात बडोद्याची हवा अशी असते की तळलेला पापड तासाभरात सादळतो. चार दिवस उघडी राहिलेली पावडर पाणी पिऊन बसली होती, भोकांत दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

तुझ्या वहीत पावडर कशी ठेवायची ते लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या लक्षात आलं नाही. पुढे २००० साली आम्ही ती पुन्हा हाताळली तेव्हा सगळा उलगडा झाला. तोवर तुझा-माझा संबंध उरला नव्हता. मला वाईट वाटलं, पण काय करायचं ते सुचलं नाही.

सत्कारात काय बोलू, ते तू सांग.

हेरंब


कारेलीबाग, बडोदे
१६ जानेवारी २००९

लता,

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चाललो नव्हतो.

मागच्या पत्रात मी दोन खोट्या गोष्टी लिहिल्या. पहिली प्रेमलाने पकडली. उत्तरायणाच्या आदल्या दिवशी ती उंधियुसाठी पापडी निवडत बसली होती. तुला काय काय लिहिलं ते मी तिला सांगितलं, जरा ऐटीतच सांगितलं असेन. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "वन्संच्या वहीत लिहिलं नव्हतं, असं कळवलंत त्यांना?"

मी म्हटलं, "नव्हतंच."

"वही आपल्या कपाटात आहे. मला तुमचं रसायन कळत नाही, पण मराठी कळतं."

तुला आठवत असेल, तू नोंदी इंग्रजीत करायचीस आणि समासात सूचना मराठीत लिहायचीस. पान सत्तेचाळीस. 'भट्टीतून काढून कोरड्या भांड्यात निववावी व लगेच घ्यावी. हवेत ठेवू नये.' खाली दोन रेघा मारलेल्या आहेत. मी ते त्या शनिवारी वाचलं होतं आणि मनात म्हटलं होतं, पावडर ती पावडर, हिचे आपले लाड.

अॅल्युमिनियम क्लोराइडच्या पिंपाचं झाकण मिनिटभर उघडं राहिलं तर मी ऑपरेटरचा उद्धार करायचो, हे तू ऐकलेलं आहेस. पण ते हवेत आलं की धूर सोडतं, माणसाला खोकवतं. तुझी पावडर बशीत जशी ठेवली तशीच दिसत होती. जे डोळ्यात जातं आणि घशाला लागतं तेच खरं आम्ल, असं वीस वर्षांत माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. वही बघून अक्षरशः तसंच करायचं, हा परक्या हाताचा नियम मी इतरांना घोटवून शिकवला होता. माझ्यावर वेळ आली तेव्हा मीच तो मोडला.

तू विचारलं होतंस. शुक्रवारी संध्याकाळी, गुणवंतशेठच्या केबिनबाहेर. "दादा, पावडर कुठे ठेवली होतीस?" मी म्हणालो, "मला शिकवू नकोस."

आत शेठनी विचारलं, "हेरंबभाई, बेन ना आंकडा साचा छे के नहीं?" तू म्हणालीस, पावडर ओली झाली असणार, मला एक दिवस द्या. मी तुला बोलूच दिलं नाही. अहवालाचं शेवटचं वाक्य मी त्याच संध्याकाळी लिहिलं. 'मूळ वहीतील आकडे प्रत्यक्ष प्रयोगातून आलेले असावेत असे वाटत नाही.' नुसतं 'पुन्हा मिळत नाहीत' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण कंपनीभर चर्चा व्हावी की हेरंबभाईने सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही, हे मला हवं होतं. झालीही तशी चर्चा.

दुसरी खोटी गोष्ट मोठी आहे. ती लिहायला आज चौथा दिवस लागतो आहे.

मला २००० साली कळलं नाही. नऊ ऑक्टोबर १९९६ ला कळलं. तू राजीनामा दिला होतास आणि धुळ्याला जायची तुझी गाडी सतरा तारखेची होती.

तुझा खण रिकामा करत होतो. कोरड्या भांड्यात तुझी थोडी पावडर होती, ती किती आहे ते बघावं म्हणून तराजूवर ठेवली. आकडा स्थिर होईना. पाच ग्रॅम. पाच पूर्णांक दोन शतांश. पाच पूर्णांक सहा शतांश. मी तराजूवर टिचकी मारली, काचेचं दार नीट लावलं, मागे सरकून उभा राहिलो. आकडा चढतच होता. हवेतलं पाणी त्या भोकांत जात होतं आणि तराजू मला ते एकेका शतांशाने दाखवत होता. माझा चहा निवला तेव्हा पाच पूर्णांक चार दशांश झाले होते.

मी पावडर भट्टीत टाकली. दुसऱ्या दिवशी तू लिहिलंस तशीच निववली आणि लगेच वापरली. शहात्तर. तुझाच आकडा, जसाच्या तसा. मग मी फ्लास्क धुतला, यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी फाडली आणि वहीत काही लिहिलं नाही.

घरी आलो तेव्हा तू ट्रंकेत पुस्तकं भरत होतीस. "दादा, मोठी दोरी आहे का?" एवढंच विचारलंस. मी दोरी शोधून दिली. सतरा तारखेला स्टेशनवर ट्रंक मीच चढवली.

गुणवंतशेठना सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब मी पुष्कळदा केला आहे. ते हसले असते, चहा मागवला असता आणि म्हणाले असते, चालो, बेनने बोलावो. माझी नोकरी जात नव्हती. जाणार होता तो फक्त माझा तोरा. तेवढ्यासाठी मी तुला जाऊ दिलं, लता.

हेरंब


कारेलीबाग, बडोदे
२९ जानेवारी २००९

लता,

प्रेमला म्हणते, आता पुरे, वन्संना त्रास होत असेल. होत असेल तर पत्रं फाडून टाक. मी मात्र लिहिणार. अर्धवट सांगून थांबलो तर मी त्याच जागी राहीन.

१९९९ च्या शेवटी कंपनीला सांडपाण्याबद्दल नोटीस आली. पलीकडच्या गावातल्या दोन विहिरींचं पाणी आंबट झालं होतं. बायका त्या पाण्याने भांडी घासायच्या आणि भांड्यांना काळे डाग पडायचे. एक बाई घागर घेऊन आमच्या गेटवर आली होती. मी तिला भेटलो. पाणी हातावर घेतलं आणि वासावरून ओळखलं की ते आपलं आहे. तुझी पावडर ९६ साली लागली असती तर ती बाई गेटवर आलीच नसती. तुझ्यापाठोपाठ त्या गावाचाही मी अपराधी आहे, पण त्या बाईचं नावसुद्धा मला माहीत नाही.

शेठ म्हणाले, "हेरंबभाई, कंईक करो." मी म्हटलं, सहा महिने द्या. ते सहा महिने मी काय केलं, ऐक. पान सत्तेचाळीसपासून पान एकशे बारापर्यंत तुझी वही क्रमाने उतरवत गेलो. तुझ्या हस्ताक्षरातलं माझ्या हस्ताक्षरात घेतलं, तारखा नव्या टाकल्या. मोठ्या भांड्यात पावडर कोरडी कशी ठेवायची, वरून कोरडी हवा कशी सोडायची, एवढंच माझं. पावडर जुनी झाली की आत काळी घाण अडकते आणि काम मंदावतं, तेही तू लिहून ठेवलं होतंस, आणि भट्टी किती हळू तापवायची तेही. हळू न तापवल्यास भोकं ढासळतात, हे मी एकदा पावडर वाया घालवून शिकलो. समासात ते होतंच.

प्लँट २००१ च्या मार्चमध्ये चालू झाला. अॅल्युमिनियम क्लोराइडचं शेवटचं पिंप गेटबाहेर गेलं तेव्हा ऑपरेटर लोकांनी नारळ फोडला. कीटोनचा वास तोच होता, पण त्यातली ती घसा धरणारी वाफ नव्हती. सुभानराव फोरमन आठवतो ना, सारखा खोकायचा तो. म्हणाला, "साहेब, हे आधी का नाही केलंत?" मी म्हणालो, संशोधनाला वेळ लागतो.

शेठनी विचारलं असतं की कुणाचं काम, तर मी सांगितलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला पटवत आलो. कुणी विचारलंच नाही. पण तू सहा वेळा वापरलेली पावडर बाटलीत भरून, बाटलीवर तुझ्या सहीची चिठ्ठी लावून कपाटात ठेवली होतीस. ती चिठ्ठी मी खरवडून काढली. कुणी विचारायची वाट बघणारा माणूस चिठ्ठी खरवडत नाही.

आईबद्दल तुला वाटत असेल की हा काहीच का लिहीत नाही. ९६ साली आईला मी सांगितलं ते एवढंच, की लताने आकडे बनवले. अण्णा संस्थानच्या जमाबंदी कचेरीत होते, एकदा मोठ्या सरदाराच्या सांगण्यावरूनही त्यांनी मोजणीचा आकडा फिरवला नाही, ही गोष्ट आईने आपल्याला शंभरदा सांगितली असेल. तिच्या लेखी चोरी परवडली असती. तू गेल्यावर तिने तुझं नाव घेणं सोडलं. तुझी कार्डं यायची ती वाचायची आणि देवघरातल्या खणात ठेवायची, उत्तर लिहायची नाही. मी ते बघत होतो. आत्ता याहून जास्त लिहवत नाही.

सात तारखेला मी खरं सांगणार आहे. व्यासपीठावरून, सगळ्यांसमोर. तुझं नाव घेऊन.

हेरंब


कारेलीबाग, बडोदे
१० फेब्रुवारी २००९

लता,

सांगितलं. आणि कसं फसलं तेही सांगतो.

हॉल भरला होता. गुणवंतशेठ आता ब्याऐंशीचे आहेत, त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र त्यांच्या नातीने वाचलं. मग मला बोलायला उभं केलं. मी चार पानं लिहून नेली होती, गुजरातीत, कारण निम्म्या लोकांना मराठी येत नाही.

प्रक्रिया माझी नाही, धाकट्या बहिणीची आहे, हे पहिलंच वाक्य होतं, "आ प्रोसेस मारी नथी. आ मारी नानी बेन लतानी छे."

मला वाटलं होतं, हॉल गप्प होईल. लता, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधी पुढच्या रांगेने, मग सगळ्या हॉलने. शेठची नात डोळे पुसायला लागली. जयवंतराव उठून उभे राहिले, त्यांचं बघून बाकीचे उभे राहिले. भावाने स्वतःच्या सत्कारात बहिणीचं नाव घेतलं, केवढं मन याचं, असंच सगळ्यांना वाटलं.

हातातल्या कागदावर दुसरं वाक्य होतं, 'मी तिला खोटारडी ठरवलं आणि ती खरी आहे हे काही महिन्यांत कळूनही गप्प बसलो.' काही महिने म्हणजे तीन आठवडे होते, तिथेही मी स्वतःला सूट दिली होती. पण तेवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या दोनशे माणसांसमोर ते वाचायला लागणारी हिंमत माझ्यात नव्हती. मी म्हणालो, "बस, एटलुंज कहेवुं हतुं," एवढंच सांगायचं होतं म्हणून, आणि खाली बसलो. शेठनी माझा हात धरला. "आने कहेवाय संस्कार," म्हणाले. संस्कार म्हणतात ते याला!

जेवणाच्या वेळी लोक रांगेने येऊन मला भेटत होते. मला आतून लाज वाटत होती आणि त्याच वेळी बरंही वाटत होतं. हे बरं वाटणं मी तुझ्यापासून लपवू शकलो असतो, पण आता लपवायचं नाही असं ठरवलं आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर फोटोसकट बातमी आली. यशाचं श्रेय धाकट्या बहिणीला. कात्रण पाठवत नाही.

प्रेमला घरी आल्यावर शालीची घडी करत म्हणाली, "त्यांचं होतं ते परत देतानासुद्धा तुम्हीच मोठे झालात."

काल सकाळी शेठच्या बंगल्यावर गेलो. त्यांना आणि त्यांच्या मुलाला समोर बसवून सगळं सांगितलं. बशी, चार दिवस, पान सत्तेचाळीस, तराजू, शहात्तर, फाडलेली पट्टी, खरवडलेली चिठ्ठी. शेठ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जवा दो ने हेरंबभाई, जूनी वात छे." मुलाने घड्याळ बघितलं. मी म्हटलं, जाऊ देता येणार नाही, आणि लिहून आणलेलं पत्र पुढे केलं. त्यात स्पष्ट आहे. सप्टेंबर १९९६ च्या माझ्या अहवालातलं शेवटचं वाक्य खोटं आहे, ते खोटं असल्याचं मला नऊ-दहा ऑक्टोबर १९९६ पासून माहीत होतं, आणि २००१ पासून चालू असलेली प्रक्रिया लता दत्ताजीराव मुजुमदार यांच्या वहीतून घेतलेली आहे. मुलाकडून पोच घेतली, शिक्क्यासकट. प्रत सोबत आहे. तुझी वही वेगळ्या पार्सलने रजिस्टर केली आहे.

मानपत्र मी तिथेच ठेवून आलो. त्यांच्या ड्रायव्हरने ते दुपारी घरी आणून दिलं. साहेब विसरून गेले, म्हणाला.

यापुढे मी काही मागत नाही. लिहायचं ते लिहून झालं.

हेरंब


कारेलीबाग, बडोदे
२७ फेब्रुवारी २००९

लता,

तुझं कार्ड काल आलं. प्रेमलाने ते माझ्या हातात दिलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. चार ओळी आहेत, त्या मी इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे उत्तर देताना मला इकडेतिकडे सरकता येणार नाही.

'दादा, पत्रं आणि वही पोचली. कंपनीच्या पत्राची प्रत फाइलला लावली. सत्कारात काय बोललास, लोक काय म्हणाले, याच्याशी मला काही करायचं नाही. आई जायच्या आधी तिला खरं कळलं होतं का, एवढंच कळव.'

मागच्या पत्रात मी लिहिलं की लिहायचं ते लिहून झालं. ते झालं नव्हतं. तुला ते कसं कळलं ते मला समजत नाही, पण तू नेमकं तिथेच बोट ठेवलंस.

मार्च २००३. आईच्या छातीत कफ झाला होता, डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलं होतं. सोमवारी सकाळी मी तिला चमच्याने पाणी पाजत होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं, प्रेमला औषधं आणायला गेली होती. आईने चमचा बाजूला केला. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने तुझं नाव घेतलं. म्हणाली, "हेरंब, लतानं आकडे खरंच बनवले होते का रे?"

प्लँट चालू होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तुझ्या वहीतला सगळा मजकूर माझ्या हस्ताक्षरात कंपनीच्या तिजोरीत होता. समोर आपली आई होती, ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं, आणि मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "झालं गेलं, आई. मी तिला केव्हाच माफ केलंय."

आईने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "तू अण्णांवर गेलास." मग जरा दम खाऊन म्हणाली, "मग मी तरी राग कशाला धरू? बोलाव तिला. मला तिला बघायचंय."

मी हो म्हटलं.

धुळ्याहून बडोद्याला यायला तुला एक दिवस पुरला असता. मंगळवारी तिने विचारलं, "कळवलंस?" मी म्हटलं, कळवलं. बुधवारी विचारलं, "निघाली का?" मी म्हटलं, निघाली. गुरुवारी तिने प्रेमलाकडून केस विंचरून घेतले आणि उशी दाराकडे फिरवायला लावली. प्रेमलालाही मी सांगितलं होतं की लताला फोन झालाय, सुट्टी मिळत नसेल. शुक्रवारी पहाटे आई गेली. त्यानंतर मी तुला फोन केला.

तू आल्यावर विचारलंस, आधी का नाही कळवलं. मी म्हणालो, लाईन बंद होती. लाईन चालू होती, लता. चारही दिवस चालू होती. तू आलीस तर आई तुला तोंडावर विचारणार आणि तू तिला खरं सांगणार, एवढ्या भीतीने मी फोन उचलला नाही.

आज हे प्रेमलालाही सांगितलं. तुला लिहिण्याआधी तिला सांगणं भाग होतं. ती उठून देवघरातला तुझ्या कार्डांचा खण उघडून बसली.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. आईला खरं कळलं नव्हतं. तू काही केलेलं नसताना ती तुला माफ करून, तुझी वाट बघत गेली.

हेरंब